पुरुषांची जागा

"बायकांच्या जागा भरल्या," मुग्धा मॅडम म्हणाल्या. "पुरुषच मिळत नाहीत. तुम्ही बसता का?"

प्रेमानंद हसला. तो फक्त बायकोला सोडायला आला होता. चार महिने झाले, दीक्षाला झोप नव्हती. भाजी करपून जायची आणि ती शेगडीपाशीच उभी असायची. रामदासपेठेतल्या या दवाखान्यात ध्यानाने मन शांत करण्यावर संशोधन चालू आहे, असं कोणीतरी सांगितलं म्हणून ती आली होती.

संशोधन करणाऱ्या मॅडमनी प्रश्नावलीतले प्रश्न त्यालाच विचारले. उत्तरांतून ताण असल्याचं निघालं. रागही.

"बसा ना," दीक्षा म्हणाली. "दोघांतल्या एकाले तरी बरं वाटन."

दर मंगळवारी हिंगण्याच्या कंपनीतली पाळी सुटली की तो यायचा. तिथे पाठदुखीसाठी जातो असं सांगितलं होतं. चटईवर डोळे मिटून श्वासाकडे बघायचं, मग एकेकाने मनातलं बोलायचं. बारा बायका आणि बारा पुरुष हवे होते. पुरुष मिळाले पाच. पाचव्या आठवड्याला उरले दोन.

त्या मंगळवारी जिजाबाई नावाची एक बाई बोलली.

"नवरा ड्युटीवरून आला का मले त्याचं भेव वाटते. मारत नाही तो. बोलतच नाही. ताट सरकवते अन् उठते. माह्यं काय चुकलं, हेच मी दिवसभर शोधून राहिली."

कोणाला नवल वाटलं नाही. बायकांनी नुसत्या माना हलवल्या. प्रेमानंदने डोळे उघडलेच नाहीत. कालच त्याने ताट सरकवलं होतं. वरणात मीठ कमी होतं.

वर्ग सुटल्यावर तो मॅडमच्या टेबलापाशी गेला.

"माही जागा बायकोले द्या, मॅडम."

"अशी बदलता येत नाही हो. तुम्ही गेलात तर पुरुष एकच उरेल. हा अभ्यास कोण छापेल?" त्या जवळजवळ विनवत होत्या. "आणि तुमच्यात फरक पडतोय, दादा. आकडे चांगले आलेत."

घरी दीक्षा कणीक मळत होती. तो तिच्याशेजारी फरशीवर बसला. असं बसून कितीतरी वर्षं झाली होती. ती जराशी बाजूला सरकली.

"दीक्षा, तुले माही भीती वाटते काय वं?"

तिचे हात थांबले. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, पाणीही नव्हतं.

"पहिले वाटे," ती म्हणाली. "आता काहीच नाही वाटत."