गार चकती

चकती पोटाला चिकटेना. त्याने ती तळव्याने दाबून धरली, डोळे मिटले, मग हळूच हात काढला. खालची कड पुन्हा वर आली, वाळत चाललेल्या पानासारखी.

न्हाणीघराची फरशी तळपायांना चावत होती. खिडकीच्या काचेवर धुकं बसलं होतं. स्वेटर त्याने छातीपर्यंत गुंडाळून हनुवटीखाली धरला होता, आणि पोटाच्या डाव्या अंगाला ते लालसर, ओलं तोंड उघडंच होतं. आतड्याचं. उन्हाळ्यात ऑपरेशन झालं तेव्हापासून पोटातलं सगळं तिथूनच बाहेर पडायचं आणि पिशवीत साठायचं. पिशवी चकतीला अडकवलेली, चकती कातडीला चिकटवलेली. चकतीने धरलं तर माणसांत जायचं. तिने सोडलं तर काय, हे तो मनातही पुरतं उच्चारत नसे.

त्याने ती काढून फेकली. दुसरी घेतली. कपाटातून काढलेली दुसरीही तशीच, ताठ आणि गार, कातडीला लागताच अंगावर काटा आणणारी. दाबली. बसली वाटलं. जरा वाकून पाहिलं, तर सुटली.

आता डब्यात शेवटची उरली होती.

थोड्या वेळाने सलून उघडायचं होतं. कित्येक महिन्यांनी उघडलेलं सलून, आता कुठे गिऱ्हाईक परत येऊ लागलं होतं. सगळ्यात आधी यायचे ते निवृत्त पोस्टमास्तर, कानटोपी काढत काढत. "दाढी काय घरीही होते रे," खुर्चीत बसता बसता ते म्हणायचे, "मी येतो तुझ्या हातासाठी." कारण थंडीत तो आधी गरम पाण्यात हात बुडवायचा, पुसायचा, मगच गालाला लावायचा. वस्तराही तसाच ऊन करून घ्यायचा. गार हात माणसाला लावायचा नाही, हे बापाकडून आलेलं.

पण त्याच खुर्चीवर त्याला पुढे वाकायचं होतं. पोट खुर्चीच्या पाठीला टेकणार, पोस्टमास्तरांचं नाक वीतभर अंतरावर. सुटली तर ते बोलायचे नाहीत काही. भला माणूस. खोकल्याचं निमित्त करून उठतील, अर्धी दाढी तशीच घेऊन जातील. आणि उद्या सगळी गल्ली दुसरीकडे गाल पुढे करेल.

पोटात गुडगुडलं. त्याने घाईने कापड धरलं.

परवापर्यंत तर चकती नीट बसत होती. बायको ती फळीवर काढून ठेवायची, आणि तो आत यायच्या आधी निघून जायची. बघवत नसेल तिला, तो समजून होता. समजायला आणखीही बरंच होतं. पूर्वी ती त्याच्याकडे तोंड करून झोपायची, दिवसभराचं सगळं त्याच्या कानात ओतत. थंडी पडली आणि तिने भिंतीकडे तोंड केलं. हात छातीशी आवळून, गुडघे पोटाशी घेऊन, मुटकुळं करून पडायची. एकदा त्याने खांद्यावर हात ठेवला, तर आक्रसली. "हलवू नका हो मला," म्हणाली.

काल रात्री त्यानेच तुकडा पाडला. "उद्यापासून माझं सामान मी काढीन. तू हात लावू नकोस. आणि आतल्या खोलीत झोप. किळस येते तुला, कळतं मला."

ती उठून बसली. मग उशी उचलून गेली. नाही म्हणाली नाही, एवढंच त्याला रात्रभर टोचत राहिलं.

त्याने शेवटची चकती हातात घेतली. हीसुद्धा गार. कुणाला विचारणार? दवाखान्यातून सोडताना नर्सबाई कितीतरी वेळ समजावत होत्या. तो तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडला होता. ऐकून घेतलं होतं बायकोने.

दारावर टकटक झाली.

"अहो, कडी काढा."

"तू जा. माझं मी बघतो."

"बघताय ते ऐकू येतंय. काढा कडी."

त्याने हातभरही नाही, चार बोटं दार उघडलं. फटीतून तिचा हात आत आला. हातात चकती होती. त्याने ती घेतली, आणि त्याच्या हातातून पडता पडता राहिली.

ती ऊन होती. मऊ होती. एका बाजूने किंचित वाकलेली, जणू कशाच्या तरी वळणात बराच वेळ राहिलेली. त्याने वरचा कागद सोलला, ती पोटावर ठेवली, हात फिरवला. वाकून पाहिलं. पुन्हा वाकून पाहिलं. कड हलली नाही.

"ही गरम कशी?" त्याने दाराआडून विचारलं.

"नर्सबाईंनी सांगितलं होतं, थंडीत अंगाच्या उबेत धरा, मगच लावा. नाहीतर डिंक धरत नाही." ती बाहेरून म्हणाली. "तुमची कधी सुटेल याचा काय नेम? म्हणून रोज एक काखेत घेऊन झोपते. वळलं की निसटते मेली."

तो तसाच उभा राहिला, एक हात पोटावर, एक दारावर.

"काल पण घेतलीस? तिकडे आत?"

"घेतली. पण आज जरा कमीच तापलीय," ती म्हणाली. "पाठीला तुम्ही नव्हता ना."