एका शालीतला सत्कार

“कला माणसं जोडते!” कुवेतमधल्या आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष राजाभाऊ माइकवर गरजले आणि त्यांनी शोसाठी आलेली चेक आइस डान्सर एलिश्का व तिचा जोडीदार मारेक यांना एकाच शालीत गुंडाळलं. नऊ वर्षं बर्फावर कमरेत हात घालून नाचतात म्हणजे नवराबायकोच असणार, यावर कार्यकारिणीत प्रथमच एकमत होतं. “एलिश्काताई, नाव घ्या!” शैलावहिनींनी आग्रह धरला. उखाणा म्हणजे काय, ते सूत्रसंचालन करणाऱ्या सुरुचीने इंग्रजीत समजावलं. एलिश्काने गोड हसून माइक घेतला. “मारेकने सकाळीच माझ्याऐवजी वीस वर्षांची पोरगी निवडली. या नाचात एकटीला स्पर्धेत उभंही करत नाहीत. माझं करिअर संपलं.” यमक नव्हतं, तरी सवयीने टाळ्या पडल्या. “उचलायला जड झालीस,” मारेक शालीतूनच गुरगुरला. तिने शाल खेचली. त्यानेही. राजाभाऊ कुजबुजले, “भांडा निवांत, शाल तेवढी सोडा. पुढच्या जोडीला हीच आहे.”