पाटीपर्यंत

"आई, फिरायला जा, पण गावाच्या पाटीपुढे जाऊ नकोस," मुलगा रोज बजावतो. मी अमेरिकेत त्याच्याकडे राहायला आले आहे. पाटीपाशी फूटपाथ संपतो. पुढे नुसता हायवे.

आज तिथं शेजारची अमेरिकन म्हातारी भेटली. अभिमानानं म्हणाली, "फूटपाथसाठीच माझे आजोबा वगैरे भांडून शेजारच्या गावापासून वेगळे झाले, हे स्वतंत्र गाव केलं. गाव एवढंसं, पण चारी बाजूंना हद्दीपर्यंत फूटपाथ आहे."

"आणि पुढे?"

"पुढे त्यांची हद्द. ते कशाला बांधतील?"

घ्या! भाऊ वेगळे झाले की अंगण आपल्यापुरतंच झाडतात, तसंच हे.

"मग दुकानात कशा जाता?"

"मुलगी नेते, रविवारी. गाडी मी कधी शिकलेच नाही."

परत फिरताना तिनं सवयीनं पाटीच्या कडेला हात लावला. मीही लावला. तेवढ्या जागेचा रंग पार उडालेला होता.