न धुतलेला काथ्या

मोटारीच्या गादीत भरायचा काथ्या आधी धुवावा आणि त्याला दोन उन्हं द्यावीत, हे डहाणूत मोटारींच्या गाद्या शिवणाऱ्या नारूला चांगलं ठाऊक होतं. पण चिकूच्या वाडीवाले दौलतराव घाईत होते आणि काथ्या संपला होता. म्हणून त्याने बोंबील वाळत घालायचा घरचा जुना काथ्याचा दोर पिंजला, तसाच पुढच्या गादीत भरला आणि वरून झकास रेक्झिन शिवून गाडी देऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी ऊन कडक पडलं आणि नारूला ती गादी आठवली. तापलेल्या गादीतून आता काय दरवळत असेल, हे कोळ्याच्या पोराला सांगावं लागत नाही.

“नुसतं कुंपणाला हात लावला म्हणून दौलतरावांनी माणसाला झाडाला बांधलं होतं,” त्याची बायको वेणू म्हणाली. “तुमी तर त्यांच्या बुडाखाली बोंबील घातलेत!”

“गप बस गो!” म्हणेपर्यंत दारात मोटार थांबली. दौलतराव उतरले आणि त्यांच्यामागून वासही उतरला. नारूने हात जोडले.

“शेट, चूक झाली…”

दौलतरावांनी इकडेतिकडे पाहिलं, आत आले आणि दार लोटून घेतलं.



“चूक कसली? तलासरीच्या नाक्यावर दारूबंदीच्या शिपायाने गाडीत डोकं घातलं आणि स्वतःचं नाक दाबून, झडती न घेताच मला पुढे हाकललं. आता मागच्या गादीतही हाच माल भर, आणि खाली दमणच्या बाटल्यांना जागा ठेव.”