फोनची मानाची जागा

फोन बसवला तो मानाच्या जागी. दुसरीकडे कुठे बसवणार? दारासमोरच्या भिंतीशी, रजयांच्या चळतीपुढे, जिथे आल्यागेल्या पाहुण्याला बसवतात, तिथे बुरुलचाने ठेवणीतली गादी अंथरली. गादीवर पेटी, पेटीवर फोन. काळाकुळकुळीत, रिसीव्हरवाला, पाठीला एरियल, चार्जर सोडला तर भिंतीकडे जाणाऱ्या वायरीचा पत्ता नाही. त्यावर तिने स्वतः भरलेलं भरतकामाचं वस्त्र घातलं आणि दोन पावलं मागे सरून कौतुकाने बघत राहिली.

"ते काढ आधी," तिचा नवरा सातार म्हणाला. नाकावर चष्मा, हातात फोनबरोबर आलेलं माहितीपत्रक. "झाकायचा नाही असं लिहिलंय. तापतो."

"नव्या नवरीलाही पडद्याआड बसवतात."

"नवरीला बॅटरी नसते."

सातारने सगळं पत्रकाबरहुकूम केलं होतं. फोन बंद ठेवून सिम कार्ड घातलं, बॅटरी बसवली, रात्रभर चार्ज केला. फक्त एक पान त्याने हळूच उलटलं होतं, ते बुरुलचाने बरोबर पकडलं. ज्यांच्या छातीत हृदयाचं यंत्र बसवलंय त्यांनी फोन छातीपासून वीतभर लांब ठेवावा. सातारच्या छातीत, डाव्या बाजूला, गेल्या हिवाळ्यातच ते बसवलं होतं.

"उजव्या कानाला लावायचा," तिने बजावलं. "नाहीतर हातसुद्धा लावायचा नाही."

आजचा दिवसच तसा होता. लेक आयजामाल पहाटे तिकडे राजधानीत, बिश्केकला, बाळंतपणासाठी दवाखान्यात दाखल झाली होती. तिच्या पहिल्या खेपेला बातमी आली ती शेजारच्या तुर्दुगुलच्या मोबाइलवर, कारण रेंज फक्त तिच्या अंगणात. तुर्दुगुल गल्लीच्या टोकापर्यंत "सुयुन्चू! सुयुन्चू!" ओरडत हिंडली आणि मग इकडे आली. असं ओरडत आनंदाची बातमी आणणाऱ्याला रिकाम्या हाती पाठवत नाहीत. बुरुलचाने डोईचा रुमाल सोडून तिला दिला, हसून दिला. पण आजी झाल्याचं सगळ्या गल्लीला कळलं होतं, आजी सोडून. ते तिच्या मनात सलत राहिलं. "या खेपेला पहिल्यांदा मीच ऐकणार," असं तिने लेकीला निक्षून सांगितलं, तेव्हा कुठे लेकीने मिनीबसवाल्याच्या हाती हा फोन धाडला.

आणि आता फोनवर रेंजची एक काडी दिसेल तर शपथ.

सातारने चार्जर काढला, फोन उचलला आणि घरभर फिरू लागला. खिडकीशी काही नाही. चुलीकडे वळला तशी बुरुलचा ओरडली, "विस्तवापासून लांब!" त्याने दचकून फोन छातीशी कवटाळला. "छातीशी नको! अहो, मेलात ना मग!" शेवटी तो दाराशी पोचला, जिथे सगळ्यांचे जोडे काढलेले असतात, तिथे. आणि भराभर काड्या उगवल्या.

"आली! बुरुलचा, आली बघ!"

"जोड्यांत?" ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "माझ्या लेकीचा आवाज मी जोड्यांत ठेवू?"

"त्या भिंतीमागे डोंगर आहे. डोंगर हलवू?"

बुरुलचाने जोडे गोळा केले आणि दार उघडून सरळ बर्फात भिरकावले. भिंतीजवळची गादी ओढत उंबऱ्याशी आणली, पेटी आणली, फोन ठेवला.

"आजपासून मानाची जागा इथे," तिने घराला बजावलं.

समोर मांडी घालून बसली आणि सवयीने चहाची वाटी भरून फोनपुढे ठेवली. सातारने वाटी लांब सरकवली. ओलाव्याचंही एक पान होतं.

तेवढ्यात फोन वाजला. इतका मोठ्याने की दोघंही उडाले.

"आई! केव्हाची लावतेय गं, लागतच नव्हता. म्हणून शेवटी आम्ही—"

"ते राहू दे! तू कशी आहेस? काय झालं?"

"मुलगा झाला, आई. दोघंही खुशाल आहोत. हे ऐक."

आणि बुरुलचाच्या कानात एक कोवळं, संतापलेलं रडणं शिरलं. तिला इतका आनंद झाला की हसावं की रडावं ते कळेना. तिने दोन्ही केलं. मग रिसीव्हर सातारच्या उजव्या कानाला लावला. त्याच्या छातीपासूनचं अंतर तेवढ्यातही वितीने मोजलं, आणि दार ढकलून निघाली. जोडे बर्फात कुठे पडले होते कोण शोधणार? ती नुसत्या मोज्यांवर पळाली.

"सुयुन्चू! तुर्दुगुल, सुयुन्चू!"

जन्मभर तिने हा शब्द ऐकला होता, देणं दिलं होतं. ओरडायची पाळी पहिल्यांदाच आली होती, आणि आवाज असा लागला की कुत्री भुंकायला लागली.

तुर्दुगुल आपल्या ओसरीच्या पायरीवर बसली होती. अंगात कोट, पायात जोडे, हातात मोबाइल. बुरुलचाला फाटकात बघताच तिने मोबाइल घाईघाईने खिशात टाकला.

"काय झालं गं, ताई?"

"मुलगा! आयजामालला मुलगा झाला! तुला नव्हतं ना कळलं? गल्लीत कुणालाच नाही ना?"

"मला कुठून कळणार?" तुर्दुगुल म्हणाली आणि मांडीवर घडी करून ठेवलेला कोरा रुमाल तिने बुरुलचाच्या हातात दिला.