तारखेच्या दिवशीची कादंबरी

“पहिली पन्नास पानं नुसता पाऊस!” रामराव मान न वळवता ओरडले. “लेखकाला पावसाचं भारी वेड. एवढा आपल्या हसनाबादला पडला असता तर मी कशाला बोललो असतो?”

गाडीवर मागं बसलेला कडूबा खो खो हसला. “अन् ती बाई? आली का माहेरी परत?”

“आली. पण भावानं दारच उघडलं न्हाई.”

“अरारा! मंग?”

“मंग काय, पायरीवर बसून राह्यलीय. तिथवरच वाचून झालंय.”

मोटरसायकल भोकरदनच्या रस्त्याला लागली होती. कडूबा गावात नाही, नेहमीसारखा फाट्यावर गाडीवर बसला होता. रामराव गावातून एकटेच निघत, फाट्यावर गाडी हळू करत, अन् कडूबा आपली पिशवी सावरत मागं टांग टाकी. परतताना उतरायचाही तिथंच. इतक्या वर्षांत यात कधी बदल झाला नव्हता.

आजची फेरी मात्र शेवटची. फाट्याजवळच्या शेताच्या बांधासाठी रामरावांच्या वडिलांनी दावा घातला होता, त्याचा आज निकाल. वडील गेले, समोरच्याचा बापही गेला, दावा मात्र ठणठणीत राहिला. आता निकाल लागला की तारखा बंद, अन् तारखा बंद म्हणजे कडूबाशी बोलणंही बंद. हे रामरावांना सकाळपासून आतून कुरतडत होतं. बांधाचं काय व्हायचं ते होवो, पण हा माणूस हातचा जाऊ नये, असं त्यांना वाटत होतं.

गावात दुसरं ऐकणारं होतं कोण? पत्नी उषाबाई होत्या तोवर रात्री वाचलेलं सकाळी चुलीपाशी बसून त्यांना सांगायचं. त्या गेल्या अन् घर मुकं झालं. मुलगा कल्याण तर तोंडावर म्हणायचा, “आबा, या वयात कादंबऱ्या वाचून कोणती परीक्षा द्यायची?” रामराव गप्प बसू लागले. पुस्तकं वाचनालयातून येत अन् तशीच मुकाट परत जात.

मग एका तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात त्यांच्या हातातलं पुस्तक बघून कडूबानं विचारलं, “काय लिहिलंय हो यात?” बस, एवढंच. पण त्या प्रश्नानं रामराव पुन्हा माणसांत आले. तेव्हापासून तारीख पडली की ते मनातल्या मनात वडिलांचे आभार मानत.

कडूबाला वाचायचा भारी कंटाळा. तो मोबाइलवर मालिका बघायचा, अन् त्याचं मत तयारच असायचं.

कोर्टाच्या आवारात लिंबाखाली दोघांनी भाकरी सोडली. ठेचा कडूबाचा, कांदा रामरावांचा.

“नवी पोलिसाची मालिका बघून राह्यलो,” कडूबा म्हणाला. “चार भाग झाले, साहेबानं एकदाबी जेवण केलं न्हाई. उपाशी माणसाला चोर काय घावणार, दादा?”

“अन् ती सासूसुनेची?”

“सोडली. एवढा मोठा वाडा, पण भांडे घासताना कुणी दिसतच न्हाई. बिलकुल खोटं!”

रामराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. कडूबानं पाण्याची बाटली पुढं केली.

पुकारा झाला. दोघं आत गेले. मागच्या साली साक्ष देताना रामरावांची बोबडी वळली होती. तेव्हा समोर उभ्या कडूबानं नुसत्या डोळ्यांनी धीर दिला होता. आजही तो समोरच उभा होता.

निकाल रामरावांच्या बाजूनं लागला. वकिलानं त्यांचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. बाहेर येतात तोच कल्याणचा फोन आला. “आबा, जिरली का न्हाई समोरच्याची?” रामरावांनी फोन बंद केला.

“पोरांचं असंच,” कडूबा म्हणाला. “आमचा वसंताबी सकाळी हेच म्हणत होता.”

चहाच्या टपरीवर दोघं बाकड्यावर टेकले. चहा आला. एरवी चहा येईपर्यंत निम्मी गोष्ट होऊन जायची. आज दोघंही नुसते कपात फुंकर मारत राहिले.

“चला, तुमी सुटले,” शेवटी कडूबा म्हणाला. “दादा, मला लहानपणी आई गोष्टी सांगायची. ती गेल्यावर असं जवळ बसवून कुणी सांगितल्या न्हाईत. लई उपकार झाले तुमचे.”

“उपकार कुणाचे कुणावर, ते माझं मला माहीत,” रामराव म्हणाले.

“त्या बाईचं काय झालं, ते कसं कळायचं आता?”

रामरावांनी कप खाली ठेवला. “थांब जरा,” म्हणाले अन् तडक पुन्हा कोर्टात शिरले. परत आले ते ताठ चालत, तोंडावर हसू घेऊन.

“वकिलाला विचारून आलो. जालन्याला वरच्या कोर्टात अपील करता येतं. रस्ताबी बराबर लांबचा हाय. एका तारखेत निम्मी कादंबरी आरामात होईल.”

कडूबाचा चेहरा उजळला अन् लगेच पडला. “पण दादा, तुमी तर जिंकले. जिंकलेला माणूस कशाचं अपील करील?”

“मी कशाला करू? हरला तू,” रामराव त्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाले. “जल्दी टाक माझ्यावर अपील. वकील मी बघून देतो.”