मी आलो

ऊसतोडीचा हंगाम संपवून वर्षाराणी आईबापासोबत कोल्हापूरकडून केजला परतली, ती तिकडची बोली जिभेवर घेऊनच. सातवीच्या वर्गात पहिल्याच दिवशी दारातून म्हणाली, "सर, मी आलो." तिकडं पोरीही असंच बोलतात, इथं मात्र वर्ग खदाखदा हसला. "पोरगी हायस का पोरगा गं?" मागून कुणीतरी ओरडलं. तेव्हापासून तिनं तोंडच मिटलं. हजेरीलाही नुसता हात वर करायची. तिच्याच बाकावर बसणारी आम्रपाली, वर्गाची मॉनिटर, सगळं बघत होती. सोमवारी ती मुद्दाम उशिरा आली आणि दारातूनच ठणकावून म्हणाली, "सर, मी आलो!" हसू फुटायच्या आत तिनं मागच्या बाकाकडं डोळे वटारले. "कामून हसता? आलो तर आलो!" वर्षाराणीला आभार मानायचे होते. कडेला सरकून, सगळ्या वर्गासमोर, कोल्हापुरी ठसक्यात ती म्हणाली, "ये की, बस की!"